तिसरे नववर्ष

बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात मार्च महिना कसा येतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. एकतीस मार्चची वार्षिक लेखाबंदी, थकीत कर्जांची वसुली, ताळेबंदाची जुळवाजुळव आणि रात्री उशिरापर्यंत शाखेत जळणारे दिवे. एक एप्रिलला आर्थिक वर्षाची नवी पाटी कोरी होते. मागेपुढे काही दिवसांतच गुढीपाडवा येतो आणि घरातील नववर्षाचे स्वागत होते. परंतु पंजाबसारख्या राज्यात नोकरी करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांच्या घरी याच सुमारास आणखी एक नववर्ष उंबरठ्यावर उभे असते. ते असते मुलांच्या शाळेचे. बँकेच्या नववर्षाची तयारी आपण तीन महिने आधी सुरू करतो, पाडव्याच्या नववर्षाची आठवडाभर आधी. या तिसऱ्या नववर्षाची तयारी मात्र बहुतेक घरांत आदल्या रात्री होते. प्राथमिक शाळेतील मुलाच्या दृष्टीने हेच नववर्ष सर्वांत मोठे असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

डेराबस्सी हे पंजाबातील मोहाली जिल्ह्यातील गाव. अंबाल्याहून चंडीगडकडे जाणाऱ्या महामार्गावर, घग्गर नदीच्या अलीकडे वसलेले. औषधे, रसायने आणि इतर उत्पादनांचे कारखाने येथे आहेत. त्यांच्याबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबेही आहेत. त्यात अधिकारी आहेत, तंत्रज्ञ आहेत आणि कंत्राटी मजूरही आहेत. बदलीच्या निमित्ताने मी महाराष्ट्रातून येथे आलो तो जून महिन्यात. आपल्याकडे शाळेची घंटा परंपरेने जूनच्या मध्यास वाजते, विदर्भात त्याहूनही थोडी उशिरा. त्यामुळे अगदी वेळेवर पोहोचलो, अशी माझी समजूत होती. येथे आल्यावर कळले की शाळा एप्रिलमध्येच सुरू झाली आहे आणि आता उन्हाळ्याची सुटी चालू आहे. तिसरीतला माझा मुलगा नव्या शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच दोन महिने मागे पडला होता.

त्यात भर पडली ती लिपीची. पंजाबने 2008 साली केलेल्या कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत पहिली ते दहावी पंजाबी हा विषय सक्तीचा आहे. वर्गातील इतर मुले गुरुमुखीत परिच्छेद लिहीत होती आणि आमच्या चिरंजीवांना अक्षरओळखही नव्हती. पहिल्या चाचणीचा कोरा कागद त्याने आम्हांला दाखवला नाही. तो दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवलेला सापडला. रात्री त्याची आई एवढेच म्हणाली, "बदली तुमची झाली, परीक्षा मात्र त्याची चालली आहे." या वाक्याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

वाट दाखवली ती शेजारच्या आजींनी. सारी गल्ली त्यांना 'बीजी' म्हणते. रोज संध्याकाळी अर्धा तास मांडीशी बसवून त्यांनी त्याच्याकडून ऊडा, ऐडा, ईडी गिरवून घेतले. गुरुमुखीच्या पस्तीस अक्षरांच्या मुळाक्षरांना येथे 'पैंती' म्हणतात. दिवाळीपर्यंत ती त्याला तोंडपाठ झाली. संत नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांच्याच स्मृतीने पावन झालेल्या घुमान येथे 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, हे बीजींना सांगितले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मग तुम्ही पाहुणे कसले?" परक्या प्रांतात मूल रुजते ते अशा मायेच्या हातांनी. पण प्रत्येक कुटुंबाला बीजी लाभतीलच असे नाही. म्हणून तयारी आपणच करावयास हवी.

ही तयारी म्हणजे खरेदी नव्हे. नवे दप्तर, नवी बाटली, नवा कंपास घेतला की आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटते. वस्तुतः नव्या वर्षासाठी मुलाला सर्वप्रथम लागते ती पुरेशी झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तासांची झोप आवश्यक असते, असे तज्ज्ञ सांगतात. याच विचाराने महाराष्ट्र शासनाने 2024 साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला. पंजाबात उन्हाळ्यात शाळा लवकर भरते. सुटीत रात्री अकराला झोपण्याची सवय लागलेले मूल एका रात्रीत बदलत नाही. शाळा उघडण्याच्या दोन आठवडे आधीपासून झोपेची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटे अलीकडे आणली, तर पहिल्या दिवशीची रडारड टळते. अर्थात, बाबा शाखेतून रात्री दहाला घरी येत असतील आणि त्यानंतर दूरदर्शन संच सुरू होत असेल, तर मुलाला झोपण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

दुसरी गोष्ट आरोग्यतपासणीची. फळ्यावरचे दिसत नाही, अशी तक्रार लहान मूल क्वचितच करते, कारण सर्वांनाच तसे दिसत असावे अशी त्याची समजूत असते. वर्ष सुरू होण्यापूर्वी डोळे आणि दात एकदा दाखवून घ्यावेत. पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा आणि दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस राष्ट्रीय वेळापत्रकात आहे. बदलीच्या धामधुमीत नेमकी तीच राहून जाते. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी गोळीही टाळू नये.

दप्तराविषयी तर आपण सर्वांनीच आत्मपरीक्षण केले पाहिजे. केंद्र सरकारच्या 2020 च्या धोरणानुसार पहिली-दुसरीच्या दप्तराचे वजन 1.6 ते 2.2 किलो, तर तिसरी ते पाचवीच्या दप्तराचे 1.7 ते 2.5 किलो एवढेच असावे. साधारणतः मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक भार त्याच्या पाठीवर नसावा. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, असेही हे धोरण सांगते. एकदा घरच्या वजनकाट्यावर दप्तर ठेवून पाहावे. आमच्या घरी ते चार किलो भरले. रोज रात्री मुलाने स्वतः, वेळापत्रक पाहून, दप्तर भरावे. उद्याची वही आज ठेवणे हा त्याच्या आयुष्यातील पहिला ताळेबंद असतो. तो आपण लिहून देऊ नये.

डब्याविषयी एवढेच म्हणेन की पोळी-भाजी, थालीपीठ, पराठा, मोड आलेली कडधान्ये यांना पाकीटबंद खाऊ पर्याय ठरू शकत नाही. सरकारी शाळांतील माध्यान्ह भोजनाचे प्रमाण प्राथमिक वर्गासाठी 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. आपल्या मुलांच्या महागड्या डब्यात एवढी प्रथिने असतात का, हे सुशिक्षित पालकांनी स्वतःला विचारावे.

आता थोडे पैशाविषयी. प्रवेशशुल्क, पुस्तके, गणवेश, वाहनाचे भाडे हे सारे एप्रिलमध्ये एकदम अंगावर येते. हा खर्च अनपेक्षित नाही. त्याची तारीख आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असते. मार्चमध्ये परिपक्व होणारी बारा महिन्यांची आवर्ती ठेव हा यावरचा साधा उपाय आहे. ग्राहकांना आपण तो सुचवतो, स्वतः मात्र उसनवारी करतो. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते हाताळू देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना 2014 मध्ये अनुमती दिली आणि 2025 मध्ये हे नियम नव्याने एकत्रित केले. हे खाते म्हणजेही एक पाठ्यपुस्तकच आहे.

येथवर घरातील गोष्टी झाल्या. परंतु काही गोष्टी घराबाहेरच्या आहेत आणि त्या स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. बदल्यांचे आदेश अनेकदा मे-जूनमध्ये हाती पडतात. महाराष्ट्रात जाणाऱ्याला ते सोयीचे ठरतात. उत्तरेत जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मुलाचे मात्र त्यात दोन-तीन महिने जातात. बदली अपरिहार्य आहे आणि प्रशासनाच्या अडचणी मी जाणतो. तरीही ज्यांची मुले प्राथमिक शाळेत आहेत अशांना संबंधित राज्याच्या शैक्षणिक वर्षाचा विचार करून निदान फेब्रुवारीत पूर्वसूचना मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. एकाग्र चित्ताने काम करणारा कर्मचारी हवा असेल, तर त्याच्या घरातील कोरा कागद त्याला अस्वस्थ करीत नसला पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या ग्राहकांविषयी. पगाराचे पैसे काढण्यासाठी आमच्या शाखेत येणाऱ्या मजुरांबरोबर कधी कधी शाळेच्या वयाची मुले असतात. "दाखला आला नाही, म्हणून शाळेत घातले नाही," असे उत्तर मिळते. 2010 पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी वा अनुदानित शाळांमध्ये जाताना आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला, हेही प्रवेश रोखण्याचे कारण होऊ शकत नाही. हे दोन वाक्यांत सांगायला रोखपालाला अर्धे मिनिटही लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटाने एखाद्या मुलाचे वर्ष वाचू शकते.

माझा मुलगा आता पंजाबीत चांगले गुण मिळवतो. मुद्दा गुणांचा नाही. यंदा फेब्रुवारीतच आम्ही त्याचे दप्तर रिकामे केले, डोळे तपासून घेतले, झोपेची वेळ ठरवली. लेखाबंदीच्या रात्री मी उशिरा घरी पोहोचलो, तेव्हा तो झोपलेला होता आणि दप्तर दाराशी भरून ठेवलेले होते. वर एक चिठ्ठी होती : "बाबा, माझे क्लोजिंग झाले. तुमचे?"

वाचकहो, पुढील मार्चमध्ये आपल्या घरातील हे तिसरे नववर्षही वेळेवर सुरू व्हावे, हीच सदिच्छा.