‘सावध’ या एका शब्दाआड

केअरफुल, कॉशस, वेअरी, सर्कमस्पेक्ट, प्रूडन्ट. इंग्रजीतील या पाच विशेषणांना मराठी प्रतिशब्द विचारला की वर्गातून बहुधा एकच उत्तर येते : सावध. मग मराठीच्या शब्ददारिद्र्याविषयी हळहळ व्यक्त होते. आम्हांला ही हळहळ अनाठायी वाटते. प्रश्न मराठीच्या तोकडेपणाचा नसून विशेषणाला विशेषणच शोधण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

प्रथम या शब्दांतील भेद पाहू. केअरफुल माणसाचे लक्ष हातातील कामावर असते, तर कॉशस माणसाचे संभाव्य धोक्यावर. काचेचे भांडे अलगद उचलणारा पहिला. ते उचलावे की नाही, या विचारात थांबणारा दुसरा. वेअरी माणसाच्या मनात संशय असतो, आणि त्यामागे पुष्कळदा पूर्वीचा चटका असतो. सर्कमस्पेक्टच्या मुळाशी ‘सभोवार पाहणे’ हा लॅटिन अर्थ आहे. असा माणूस बोलण्याआधी सर्व बाजूंचे परिणाम जोखतो. प्रूडन्टच्या मुळाशी ‘पुढचे पाहणे’ आहे. पाश्चात्त्य नीतिविचारात प्रूडन्सची गणना चार प्रमुख सद्गुणांत होते. कॉशनला तो मान नाही. एकाच्या केंद्रस्थानी विवेक आहे, दुसऱ्याच्या केंद्रस्थानी भय.

भय आणि दक्षता यांचे हे नाते जुने आहे. केअर या शब्दाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ दुःख, चिंता असा होता. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ‘केअरफुल’ न राहण्याचा उपदेश आहे, तो निष्काळजीपणाचा नव्हे, निश्चिंत राहण्याचा. बारकाव्यांबाबत काटेकोर असलेल्या माणसाला आज मेटिक्युलस म्हणतात. त्या शब्दाचे मूळही ‘भय’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे इंग्रजीत काळाच्या ओघात भय ओसरले आणि दक्षता उरली. मराठीने मात्र दोन्ही अर्थ एकाच नामात शेजारी नांदू दिले आणि निवाडा क्रियापदावर सोपवला. ‘काळजी करू नका, पण काळजी घ्या,’ असे आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही.

मराठीची खरी श्रीमंती येथे आहे. जपून, बेताने, हात राखून, मागचापुढचा विचार करून, डोळ्यांत तेल घालून, ताकही फुंकून पिणारा : या छटा विशेषणांच्या यादीत सापडत नाहीत, कारण त्या क्रियाविशेषणांत आणि वाक्प्रचारांत वसलेल्या आहेत. शब्दकोशात बरोबरीचे चिन्ह शोधणाऱ्या अनुवादकाला त्या दिसत नाहीत.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. जेन ऑस्टिन यांची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी घेऊ. ती १८१७ च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली. लेडी रसेल यांच्या सल्ल्यावरून ॲन एलियट एकोणिसाव्या वर्षी वेंटवर्थशी ठरलेला विवाह मोडते आणि पुढली आठ वर्षे त्याची किंमत मोजते. तो सल्ला प्रूडन्सचा होता की निव्वळ कॉशनचा? दूरदृष्टीचा की धास्तीचा? सारी कादंबरी या प्रश्नाभोवती फिरते. शेवटी ॲन स्वतःही सोपे उत्तर देत नाही : सल्ला चुकीचा होता, तरी तो मानणे योग्यच होते, असे ती म्हणते. दोन्ही ठिकाणी ‘सावधपणा’ लिहिले की वाक्ये शुद्ध राहतात, पण कादंबरीचा नैतिक पेच नाहीसा होतो.

समीक्षेलाही हेच लागू आहे. एखाद्या पात्राला किंवा निवेदकाला ‘सावध’ म्हणून विद्यार्थी मोकळा होतो, तेव्हा त्याने त्या पात्राविषयी अजून काहीच सांगितलेले नसते. त्याला पुढचे प्रश्न विचारायला हवेत : लक्ष कामावर आहे की धोक्यावर? सावधपणा अनुभवातून आला की विचारातून? त्यात भय किती आणि विवेक किती? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की मराठी शब्दही मिळतो. मात्र तो पुष्कळदा शब्द नसतो, वाक्प्रचार असतो. भाषांतराच्या अभ्यासक्रमात समानार्थी शब्दांच्या याद्यांऐवजी या प्रश्नांना जागा मिळावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.