सात वर्षांची तफावत

दोन राज्यांतील जीवनमानाची तुलना बहुधा पगार आणि घरभाडे यांवर थांबते. या हिशेबात अमेरिकेतील मिसिसिपी स्वस्त, तर मॅसॅच्युसेट्स महाग ठरते. परंतु २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सरासरी आयुर्मान ७९ वर्षे होते, मिसिसिपीत सुमारे ७२. मॅसॅच्युसेट्सने २००६ सालीच आरोग्यविमा जवळजवळ सर्वांपर्यंत नेणारा कायदा केला होता. साहित्याचे अभ्यासक मात्र फॉकनर, वेल्टी यांची नावे घेऊन मिसिसिपीला समृद्ध ठरवून मोकळे होतात. तेथेच १९०८ साली जन्मलेल्या कृष्णवर्णीय रिचर्ड राइटला लेखक होण्यापूर्वी ती भूमी सोडावी लागली, याचा विसर पडतो. थोर साहित्य उपजले म्हणून तेथील दारिद्र्य क्षम्य ठरत नाही, असे आम्हांस वाटते.