पडद्याआडचा कान

ध्वनियंत्रांच्या गुणदोषांचा निवाडा कोणी करावा, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा आणि विक्रेत्यांचा वाटतो. अमुक ॲम्प्लिफायरमधून गायकाचा आवाज अधिक मोकळा येतो, अमुक तारेने स्वराला ऊब येते, असे ठामपणे सांगणारे शौकीन एका बाजूस आहेत. यंत्रांची नावे झाकून ठेवतो, आता केवळ कानाने हा भेद ओळखून दाखवा, असे म्हणणारे परीक्षक दुसऱ्या बाजूस आहेत. या दुसऱ्या पद्धतीस अंध श्रवणपरीक्षा असे नाव आहे. तिचा कौल श्रोत्याच्या स्वतःच्या प्रत्ययाविरुद्ध गेला तर ग्राह्य काय मानावे, हा वादाचा मुद्दा. साहित्याच्या अभ्यासकाने हा वाद परका मानू नये. वस्तूचे नाव, तिची कीर्ती आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत यांचा प्रत्ययात किती वाटा असतो, हे तपासल्यावाचून कोणत्याही आस्वादविचाराला पुढे जाता येत नाही.

या वादाची दोन टोके मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, जॉर्ज टाउन या जुन्या वस्तीत एकमेकांपासून फार दूर नाहीत. तेथील आर्मेनियन स्ट्रीटवर ॲनी बेझंट यांच्या यंग मेन्स इंडियन असोसिएशनने १९१५ साली एक सभागृह उभारले आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव त्याला दिले. गोखले हॉल होमरूलच्या व्याख्यानांनी जसा गाजला, तसाच कर्नाटक संगीताच्या मैफलींनीही. गोविंदप्पा नायकन स्ट्रीटवरील सौंदर्य महालातही मैफली होत असत. ध्वनिवर्धक मैफलीत येण्यापूर्वी गायकाचा कंठ, वास्तूची घडण आणि श्रोत्याचा कान यांच्यामध्ये चौथे काही नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो की नाही, ही कसोटी तेथे पुरेशी होती. ती कोणालाही लावता येई, आणि तिचे उत्तर वास्तूच्या लौकिकावर अवलंबून नसे.

त्याच जॉर्ज टाउनच्या पूर्वेच्या कडेला, बंदरासमोरच्या रस्त्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस बर्मा बाजार वसला. ब्रह्मदेशातील धंदे सरकारजमा झाल्यामुळे परतलेल्या तमिळ कुटुंबांनी तेथे लहान लहान गाळे मांडले, आणि परदेशी टेपरेकॉर्डर, रेडिओ, लाउडस्पीकर यांसाठी हा बाजार प्रसिद्धीस आला. आयातीवरील निर्बंध १९९१ नंतर सैल होईपर्यंत असे यंत्र मिळणे हीच मोठी गोष्ट होती. ज्या बाजारात वस्तू दुर्मीळ, तेथे तिच्या अंगावर उमटवलेले परदेशी नाव हेच आवाजाचे प्रमाणपत्र ठरणे स्वाभाविक होय. यंत्र घरी नेणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. आवाज श्रेष्ठ आहे असे त्याला खरोखरच वाटत असते. प्रश्न एवढाच की, हा श्रेष्ठपणा यंत्रातून येतो की नावातून.

अंध श्रवणपरीक्षा नेमका हाच प्रश्न विचारते. तिची रीत साधी आहे. दोन यंत्रांचे आवाज आधी सारख्या पातळीवर आणले जातात, कारण किंचित मोठा आवाज मनुष्याला अधिक चांगला वाटतो. मग पहिले यंत्र, दुसरे यंत्र आणि त्या दोहोंपैकी कोणते ते न सांगितलेले तिसरे, अशी तुलना श्रोत्यासमोर ठेवतात. तिसरे कोणते, हे त्याने ओळखावयाचे. परीक्षा घेणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसले, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून सूचना मिळण्याचा संभव उरत नाही. सोळांपैकी बारा वेळा उत्तर बरोबर आले तर ते केवळ दैवयोगाने आले असण्याची शक्यता शेकडा चारांहून कमी उरते. येथे कोणाच्याही रसिकतेची परीक्षा नाही. एका विधानाची आहे.

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी चाळीस श्रोत्यांना चार लाउडस्पीकर दोन रीतींनी ऐकविले: एकदा दिसतील असे ठेवून, एकदा पडद्याआड. डोळ्यांसमोर असताना भव्य आणि प्रतिष्ठित यंत्रांना गुण चढले. पडद्याआड ते अंतर आकसले. परंतु याहून मननीय गोष्ट निराळीच आहे. लाउडस्पीकरची जागा बदलली की खोलीतला आवाज खरोखरच बदलतो. पडद्याआड ऐकणाऱ्यांच्या गुणांत हा बदल उमटला. यंत्र पाहत ऐकणाऱ्यांच्या गुणांत तो फारसा उमटला नाही. अर्थात डोळ्यांनी नसलेला भेद निर्माण केला एवढेच नव्हे, तर असलेला भेद झाकूनही टाकला. अंध परीक्षा श्रोत्याचा अनुभव हिरावून घेते, हा आक्षेप या ठिकाणी उलटा पडतो. ती कानाला त्याचा अधिकार परत देते.

भारतीय काव्यशास्त्राला हा विचार नवा नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत रसिक स्वतःच्या सुखदुःखात गुंतून राहणे हे एक आहे. आपले आणि परके, अमुक देश आणि अमुक काळ यांचा आवेश हे दुसरे. महागडी तार विकत घेऊन गाणे ऐकावयास बसलेला मनुष्य गाण्याबरोबरच स्वतःची खरेदीही ऐकत असतो. हे विघ्न त्याच्या नकळत शिरते, म्हणून केवळ प्रामाणिकपणाने ते दूर होत नाही. पडदा हा त्यावरचा बाह्य उपाय आहे.

हे विघ्न किती खोल असते, याचे उदाहरण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या श्रुतिवादात सापडते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींची गणिते मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार त्यांना लाभला, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. इकडे तंजावरचे अब्राहम पंडितर श्रुती चोवीस आहेत असे मांडीत होते. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत पंडितरांच्या कन्यांनी त्या मताचे प्रात्यक्षिक करून दाखविले. भातखंडे या साऱ्या गणिताकडे साशंकतेने पाहत राहिले. दोन्ही पक्षांचे कान तयार होते, दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, आणि दोघांनाही आपापली संख्या ऐकू येत होती. कोणता स्वर कोणत्या सिद्धांताचा, हे मात्र ऐकण्यापूर्वीच प्रत्येकास ठाऊक होते. पुढे १९६३ साली जैराझभॉय आणि स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीतातील स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच स्वराचे स्थान कलावंतागणिक बदलते आणि एकाच सादरीकरणातही हलते असे आढळले. ठरलेल्या जागी बसलेल्या श्रुती हा ऐकणाऱ्यांच्या निष्ठेचा भाग अधिक होता.

तथापि, पडदा सर्वच प्रश्न सोडवील अशी अपेक्षा करणे हीही चूक होईल. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवर कलावंतांची चाचणी सुरू झाली, तीत गाणारा परीक्षकांच्या दृष्टीआड असे. वशिला आणि ओळख यांना आळा बसावा, हा हेतू स्तुत्य होता. परंतु कलावंतांनी तिला तीव्र विरोध केला, आणि त्या विरोधात केवळ दुखावलेला मान नव्हता. पडद्याने चेहरा झाकतो. आवाजातले घराणे झाकत नाही. शिवाय चांगले गाणे कशास म्हणावे, याविषयीचे परीक्षकाचे पूर्वग्रह पडद्याच्या अलीकडे, त्याच्या स्वतःच्या मनात, अबाधित राहतात. दोन आवाज भिन्न आहेत काय, हा प्रश्न पडदा सोडवितो. कोणता आवाज मोलाचा, हा प्रश्न तो सोडवीत नाही. यंत्राच्या परीक्षेत पहिला प्रश्न असतो, कलावंताच्या परीक्षेत दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की अंध परीक्षेचे कैवारी आणि विरोधक दोघेही वाट चुकतात.

दुसरी मर्यादा निष्कर्षाच्या स्वरूपाची आहे. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अतिसूक्ष्म ध्वनिमुद्रण आणि साध्या सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण यांतील भेद ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणे उडविल्याइतकाच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचे एकत्रित गणित केले, तेव्हा हे प्रमाण सुमारे ५२ टक्के आले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक दिसले. भेद सिद्ध झाला नाही याचा अर्थ भेद नाही असा होत नाही, हे यावरून उघड आहे. परंतु ज्या भेदाचे वर्णन शौकीन मंडळी रात्र आणि दिवस यांच्या उपमेने करतात, तो भेद नाण्याच्या उडीपासून दोनच पावले दूर असावा, हेही तितकेच उघड आहे. घाईत आणि दडपणाखाली ऐकावे लागते, असा आक्षेप घेतला जातो. त्यास उत्तर सोपे आहे. महिनाभर घरी बसून ऐकावे, हवे तितक्या वेळा ऐकावे. केवळ नाव पाहू नये, एवढीच अट आहे.

साहित्याच्या क्षेत्रात असा प्रयोग पूर्वीच झाला आहे. केंब्रिज येथे आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचावयास दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात तपासले. डनसारख्या कवीची उपेक्षा झाली, सामान्य पद्ये डोक्यावर घेतली गेली. रिचर्ड्स यांनी यावरून डन आणि सामान्य पद्यकार सारखेच, असा निष्कर्ष काढला नाही. नावाच्या आधाराने वाचणाऱ्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचावयास शिकविले पाहिजे, असा काढला. सहृदयाचे मन काव्याच्या अनुशीलनाने स्वच्छ व्हावे लागते, हा आपल्या परंपरेचा सिद्धांत याहून वेगळे काही सांगत नाही.

या विवेकाची गरज आज दोन ठिकाणी विशेष जाणवते. पहिले ठिकाण तंबोऱ्याचे. विद्युत तंबोरा घरोघर आणि मैफलीमैफलीत पोचला आहे, आणि मिरजेच्या कारागिराच्या तंबोऱ्याशी त्याची तुलना अटळ आहे. जवारीतून उठणारी स्वरांची गर्दी पेटीतल्या आवाजाहून वेगळी ओळखू येते काय, हे पडद्याआड बसून अवश्य पाहावे, आणि जो कौल येईल तो दोन्ही पक्षांनी मानावा. उद्या तो विद्युत यंत्राच्या बाजूने आला, तरी विद्यार्थ्याने तारा स्वतः लावण्यात जी कानाची मशागत होते, तिचे मोल या परीक्षेत मोजलेच गेलेले नसेल. तंबोऱ्याच्या समर्थकांनी मग आवाजाचा दावा सोडून या मशागतीचा दावा मांडावा. तो अधिक भक्कम आहे.

दुसरे ठिकाण मौखिक साहित्याच्या संग्रहांचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक संख्येने गोळा झाल्या. त्यांतील काही बायांच्या आवाजात बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या. अशा कामांना पैसा नेहमीच अपुरा असतो. मूळ प्रत अधिक सूक्ष्म प्रमाणावर साठवावी, कारण पुढील दुरुस्तीस वाव राहतो; हे कारण कानाच्या कौलावर अवलंबून नाही, म्हणून ते स्वीकारार्ह आहे. पण केवळ आवाज 'उजळतो' या कोणाच्या तरी प्रत्ययावर तारांचे आणि यंत्रांचे खर्च मंजूर होऊ लागले, तर तेवढ्या पैशांतून आणखी एका गावापर्यंत जाण्याचे, आणखी एका म्हातारीजवळ बसून तिच्या ओव्या टिपण्याचे राहून जाते. ती गेली की तिच्या ओव्या पुन्हा कोठेही मिळत नाहीत.

म्हणून यंत्राविषयी विधान करणाऱ्याने पडद्याआडच्या कसोटीस उतरावे, आणि न उतरल्यास त्याचा प्रत्यय त्याच्या घरापुरता खरा मानून सार्वजनिक निर्णयातून बाजूस ठेवावा. गाण्याविषयी, ओवीविषयी, कवितेविषयी मात्र पडद्याने मौन पाळावे. तेथील निर्णय तयार झालेल्या कानानेच करावयाचा आहे, आणि कान तयार करण्याचे काम कोणत्याही यंत्राकडे सोपविता येण्याजोगे नाही.