दप्तराची किल्ली कोणाच्या हाती?

न्यायालयात ज्याच्यापाशी कागद नाही, त्याचा आक्रोश कितीही खरा असला तरी तो पुरावा ठरत नाही. जे पक्षकाराचे, तेच समाजाचे. जर्मनीतील ज्यूंनी हे फार पूर्वी ओळखले होते. १८९३ मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेल्या त्यांच्या सेंट्रल-फेराइन या संस्थेने ज्यूद्वेष्ट्यांवर फिर्यादी गुदरल्या, वृत्तपत्रांतील विखारी मजकूर जमविला आणि त्याच्या फायली बांधल्या.

त्या फायलींचे पुढे काय झाले? १९३८ साली नाझी पोलिसांनी संस्था बंद पाडून दप्तर जप्त केले. युद्ध संपल्यावर तेच दप्तर सोव्हिएत सैन्याने मॉस्कोस नेले व तेथील गुप्त अभिलेखागारात कुलूपबंद केले. शत्रूने लुटले, विजेत्याने लपविले! ज्या समाजाचे ते कागद, त्या समाजाच्या अभ्यासकाला सुमारे ४५ वर्षे त्यांतील एक पानही पाहता आले नाही. १९९० नंतर दार किलकिले झाले, तेव्हा कोठे त्यांच्या मायक्रोफिल्म जेरुसलेम व लंडन येथे पोहोचल्या.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच संस्थेचे एक कार्यकर्ते अल्फ्रेड वीनर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अ‍ॅमस्टरडॅमला गेले. तेथे त्यांनी पुन्हा पहिल्या कात्रणापासून आरंभ केला. बर्न येथील १९३४-३५ च्या खटल्यात ‘प्रोटोकॉल’ हे ज्यूंविरुद्धचे कुप्रसिद्ध पुस्तक बनावट असल्याचे सिद्ध करण्यास त्यांच्या कचेरीने साहाय्य केले. १९३७ मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाल्या, त्या केवळ कायद्याच्या व्याख्येवर. पुस्तकाचा बनावटपणा कोणास पुसता आला नाही. १९३९ मध्ये हा संग्रह लंडनला हलला आणि पुढे न्यूरेंबर्गच्या अभियोक्त्यांच्या कामी आला. आज तेथील वीनर ग्रंथालयाचे वाचनदालन सर्वांस विनामूल्य खुले आहे.

एकाच संस्थेच्या परंपरेतील ही दोन दप्तरे. एक गुप्त राहिले म्हणून मुके झाले. दुसरे खुले राहिले म्हणून साक्ष देऊ शकले.

किल्ली सांभाळणारे दोन सबबी पुढे करतात. पहिली ही की, जुन्या जखमा कशाला उघडाव्यात? आमचे उत्तर असे की, जखम कागदाने होत नाही. कागद तिची नोंद ठेवतो. नोंद नष्ट झाली तर लाभ होतो तो जखम करणाराचा. दुसरी सबब ही की, फायलींत खासगी माणसांची नावे असतात. ही शंका रास्त आहे. पण तिच्यावर उपाय म्हणजे लेखी नियम, निश्चित मुदत आणि नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय. कारकुनाची मर्जी नव्हे. आणि वृत्तपत्रांच्या कात्रणांना तर ही सबबही लागू नाही. जो मजकूर एकदा भर बाजारात विकला गेला, तो फाईलमध्ये शिरताच गुपित कसा होतो?

म्हणून, वाचकहो, समाजाचे दप्तर पाहू देणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो त्या समाजाचा हक्क आहे, आणि सत्य शोधणाऱ्या प्रत्येक माणसाचाही आहे. संस्था कोणतीही असो, तिने कात्रण जपावे, त्यावर तारीख व पत्राचे नाव लिहावे, यादी करावी आणि दार उघडे ठेवावे. नुसते जपलेले दप्तर म्हणजे ठेव; खुले केलेले दप्तर म्हणजे साक्षीदार. आणि साक्षीदाराला कोंडून ठेवणारा न्यायाचा मित्र कधीच नसतो!