विरुद्ध बोलणाऱ्याचा अधिकार

आपले राष्ट्र स्वातंत्र्य व न्याय ह्या आपल्याच ध्येयांस जागले की नाही, हा प्रश्न दरवर्षी ऑगस्ट व जानेवारी महिन्यांत पुष्कळांच्या मुखी येतो, आणि ध्वजाची घडी घालून ठेविली म्हणजे तोही तिच्याबरोबर पेटीत जातो. कोणी संविधानाची प्रस्तावना पुढे करितात, कोणी त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातील एखादी वाईट बातमी. दोहोंनीही आमचे समाधान होत नाही. ध्येये कागदावर सर्वांचीच सुंदर असतात, आणि अन्याय जगात कोठे नाही? आमच्या मते कसोटी निराळी आहे. सत्तेस अप्रिय अशी गोष्ट एखादा मनुष्य शांतपणे व उघड बोलू लागला असता राज्य त्याचे काय करिते, हे पाहावे. त्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या काठी पवनार आहे. तेथे ही कसोटी दोनदा लागली; एकदा परक्यांच्या राज्यात, एकदा स्वकीयांच्या.

१९३९ साली हिंदुस्थानास न विचारता महायुद्धात ओढण्यात आले. पुढील वर्षी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह योजिला. त्याची मागणी वरवर पाहता फार लहान होती. आजच राज्य द्या, असे तीत नव्हते. युद्धाविरुद्ध बोलू द्या, एवढेच होते. पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा भावे निवडले गेले. तेव्हा त्यांचे नाव देशात थोड्यांसच ठाऊक होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी पवनारास भाषण केले आणि चार दिवसांनी त्यांस अटक झाली. त्याच काळी खुद्द इंग्लंडात, सद्सद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी कायद्याने न्यायमंडळे नेमलेली होती. इंग्रजांस स्वातंत्र्य कशास म्हणतात ते कळत नव्हते, असे मुळीच नव्हे. ते घरी एक माप वापरीत व पवनारास दुसरे.

आता दुसरा प्रसंग. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. विनोबांचे तेव्हा वर्षाचे मौन चालू होते. त्यांनी लिहिलेला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारने उचलला व भिंतोभिंती मिरविला. विनोबांनी पुढे त्याचा अर्थ उलगडून सांगितला, की शासन राज्यकर्त्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे. पण एकदा भिंतीवर चढलेला शब्द खाली उतरविणे कठीण असते. संस्कृत शब्दांचे ओझे आम्ही जन्मभर वाहिले आहे, म्हणून सांगतो. शब्द जितका भारदस्त, तितका तो परक्या हाती लवकर जातो. जानेवारी १९७६ मध्ये पवनारास आचार्यांचे संमेलन भरले. देशात पुन्हा पूर्ववत स्थिती यावी, असे त्यांनी नम्रपणे सुचविले. ते सरकारास रुचले नाही. मग विनोबांनी गोहत्याबंदीसाठी ११ सप्टेंबरपासून उपोषण करण्याचा संकल्प जाहीर केला, आणि जून महिन्यात पोलिसांनी आश्रमात जाऊन, तो संकल्प छापला म्हणून ‘मैत्री’ मासिकाचे अंक जप्त केले. गोरक्षणाचा विषय तर संविधानाच्याच ४८ व्या अनुच्छेदात आहे. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या गावी भाषण केलेल्या मनुष्याचे बोलणे इंग्रजांनी बंद केले, त्याच गावी, त्याच मनुष्याचे छापील शब्द आपल्या सरकारने उचलून नेले!

ह्यावर कोणी म्हणेल, की सरकार चुकले तर न्यायासन आहे. त्या वर्षी न्यायासनाकडूनही निराशाच झाली. अटकेतील मनुष्यास समोर आणा व अटकेचे कारण दाखवा, अशी देहोपस्थितीची मागणी आणीबाणीतही करिता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी ठरविले होते. जबलपूरच्या प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक मतांनी फिरविले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना ह्यांनी विचारले होते, की पोलिसाने निव्वळ वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर त्यावरही इलाज नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे सरकारच्या महान्यायवाद्याचे उत्तर होते. विरुद्ध मत एकट्या खन्नांचे पडले. पुढे ज्येष्ठताक्रमाने त्यांच्याकडे येणारे सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. चौघांतील एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ साली ज्यांनी लिहिले त्यांत त्यांचेच चिरंजीव धनंजय होते. पित्याचे मत पुत्राने खोडावे, ह्यात अनादर शोधणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

राष्ट्राच्या पदरी काही पुण्यही आहे, ते नाकारू नये. धृतराष्ट्राने खरे बोलणाऱ्या विदुरास निघून जा म्हटले, पण संजयास पाठवून त्यास परत बोलावण्याची बुद्धीही त्यासच झाली. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्या एकवीस महिन्यांत एक लाखाहून अधिक लोक अटकेत पडले होते. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार घालविले. (आमच्या वर्धा मतदारसंघाने मात्र तेव्हाही काँग्रेसच निवडून दिली, हेही लिहिले पाहिजे, गांधीविनोबांच्या शेजाराने कोणी आपोआप शहाणे होत नाही.) १९७८ च्या चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करिता येऊ नये, असे ठरले.

तथापि खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहेच, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा खुद्द संविधानानेच ठेविली आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५,७३,००० माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४,३४,००० कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा अपराध अजून ठरावयाचा होता असे. त्यांत गुन्हेगार असतीलच. पण निर्दोष किती, हे खटला उभा राहिल्यावाचून कसे समजावे? ह्यांतील बहुतेकांनी सरकाराविरुद्ध चकार शब्दही काढलेला नसेल. गरीब मनुष्य जामीनदार आणू शकत नाही, एवढेच.

येथपर्यंत दोष सरकारचा झाला, व तो वाचताना आमच्या वाचकांस सुखच वाटले असेल. परंतु राष्ट्र म्हणजे केवळ सरकार नव्हे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर बजाज घराण्याचे. जमनालालजींनी ते जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांस खुले केले. तेव्हा संविधानाचा १७ वा अनुच्छेद बावीस वर्षे दूर होता, आणि अस्पृश्यतेस शिक्षा सांगणारा केंद्राचा कायदा तर १९५५ साली आला. जमनालालजींस कोणत्याही कलमाने भाग पाडले नव्हते. त्यांनी रोष पत्करिला तो आपल्याच ज्ञातीतल्या व ओळखीतल्या लोकांचा, आणि तो सरकारच्या रोषाहून जड असतो.

आपल्या घरांतून काय चालते? भांडी घासण्यास येणाऱ्या बाईंचा चहाचा कप पुष्कळ सुशिक्षित घरी अजून निराळ्या फळीवर असतो. हे बरे नव्हे, असे धाकट्या सुनेने किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने म्हटले, की ‘तुला काय कळते, आमच्याकडे हे असेच चालत आले आहे’ असे सांगून विषय संपविला जातो. मूल दुसऱ्यांदा तो विषय काढीत नाही, आणि कप फळीवर तेथेच राहतो.