मावळ्यांच्या फौजेत बाई कुठे आहे?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी देहूरोडच्या बाजारात एक चक्कर मारा. पणत्या-आकाशकंदिलांच्या शेजारी फळीवर अख्खी फौज उभी असते. सिंहासनावर शिवाजी महाराज, खाली भालेकरी, तुतारीवाला, घोडेस्वार, तोफेपाशी गोलंदाज. आणि फळीच्या कडेला डोक्यावर घडा घेतलेली गवळण, जात्यावर बसलेली बाई. झाले! त्या काळात स्त्रिया काय करत होत्या, याचे आपण मुलांना दिलेले उत्तर एवढेच.

आमच्या वस्तीतल्या पाच मुलींनी गेल्या दिवाळीत किल्ला केला. आठवी-नववीतल्या मुली. दगड, विटा, पोती, लाल माती, वर पेरलेला अळीव. किल्ला लोहगड, आपल्या मावळातला. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. विंचूकाटा त्यांनी झकास वळवला होता. गडावर त्यांना उमाबाई दाभाडे हवी होती. तशी मूर्ती बाजारात नाही. मग पोरींनी एक गवळण विकत घेतली, घडा घासून काढला, हाताला काडीची तलवार चिकटवली, लुगडे रंगवले आणि तिला फौजेच्या पुढे उभी केली.

स्पर्धेचे परीक्षक आले, हसले. "मावळ्यांत बाई कशी? इतिहास बिघडवू नका." जाताना त्यांनी, पुढच्या वर्षी मुलींसाठी रांगोळीची स्पर्धा ठेवू, असेही सांगितले. मी तिथेच होते. मुली गप्प झाल्या, त्या गप्पपणाने माझा संताप झाला.

इतिहास नेमका कोणी बिघडवला? तळेगाव दाभाडे देहूरोडहून लोकलने तिसरे स्टेशन. तिथल्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची ही पत्नी. खंडेराव १७२९ मध्ये वारले. मुलगा त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाच्या फौजेविरुद्ध लढताना पडला. शाहूंनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाला दिले, पण कारभाराची सूत्रे उमाबाईंच्या हाती होती. पुढे १७५०-५१ मध्ये ताराबाईंशी हातमिळवणी करून त्यांनी पेशव्याविरुद्ध दमाजी गायकवाडाची फौज उभी केली. हरल्या, कैदेत पडल्या, १७५३ मध्ये वारल्या. आणि ताराबाई? राजाराम १७०० मध्ये वारल्यावर सात वर्षे औरंगजेबाशी झुंज चालवली ती त्यांनीच. यांचा एकही साचा कोणाला सुचू नये?

आता त्या फळीवरच्या फौजेकडे जरा उलट बाजूने पाहा. साच्यात माल भरणे, बाजारात बसून पैसे मोजणे हे बहुधा पुरुषाचे. घासणे, पांढरा हात देणे, पगडी-शेला-डोळे रंगवणे हे घरातल्या बायका-मुलींचे. मी बसले आहे अशा घरांत. डोळ्याचा ठिपका चुकला की नग बाद. स्वतःच्या घरचे काम असेल तर मजुरीच नाही. दुसऱ्याचे असेल तर डझनावर. मावळ्याच्या मिशीला पीळ देणारा हात बाईचा असतो, आणि शिरगणतीत ती 'घरकाम करते'. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, मुलींच्या हातात तरी तलवारी कशाला द्यायच्या? प्रश्न खरा आहे. लष्करी डेपोच्या या गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. 'युद्ध नको, बुद्ध हवा' ही घोषणा मीही दिली आहे. मुलगे आणि मुली दोघांच्याही हातातून तलवार काढणार असाल तर माझी पहिली सही. पण तसे होत नाही. खेळ चालूच राहतो, मुलींनाच तेवढे घरी पाठवले जाते. एच. जी. वेल्ससारख्या पुरोगामी लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर पुस्तक लिहिले. तो खेळ मुलग्यांचा असे त्याने उपशीर्षकातच सांगितले आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या 'जास्त हुशार' मुलींना मेहेरबानीने जागा दिली! आमचे परीक्षक तेवढीही द्यायला तयार नाहीत. इकडे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तीही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दार उघडायला लावले म्हणून.

आणखी एक, जात्यावरच्या बाईला माझा विरोध नाही. तिच्या पिठावाचून फौज एक मुक्काम पुढे गेली नसती. उमाबाई मोठ्या घरच्या होत्या. दळणारीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तिला फळीवरून काढू नका. माझे म्हणणे एवढेच की, त्या फळीवर दळणारा मावळाही असू दे आणि घोड्यावरची बाईही.

या दिवाळीआधी आम्ही बचतगटातर्फे शाडूचे दोन साचे करवून घेणार आहोत, एक उमाबाईंचा, एक ताराबाईंचा. ज्यांना हवेत त्यांनी कळवावे. रंगवणारीची मजुरी आधी ठरेल, किंमत नंतर. रंगकाम करणाऱ्या एका बाईंना हे सांगितले, तर त्या ब्रश पुसत म्हणाल्या, "करा की ताई. मिशा नाहीत म्हणजे तेवढंच काम लवकर उरकेल."