एका कान्याचा खर्च

"हल्ली लोकांना मॅनर्सच राहिले नाहीत" हे वाक्य कुठल्याही लग्नात जेवणं होईपर्यंत मी किमान तीनदा ऐकतो. तक्रारीही ठरलेल्या. मुलं वाकून नमस्कार करत नाहीत, ऑफिसातली पोरं साहेबांना नावाने हाक मारतात, वगैरे वगैरे. सगळ्यांचा रोख एकच, मला मिळायला हवा तो मान मिळाला नाही. आणि हेच गृहस्थ पुढच्या मिनिटाला साठीच्या वाढप्याला म्हणतात, "ए, इकडे मठ्ठा आण!"

माझं भांडण आहे ते इथे. आपल्याकडे सभ्यपणा नाही असं अजिबात नाही. भरपूर आहे, पण तो फक्त वरच्या दिशेला वाहतो.

मराठीत 'प्लीज' नाही म्हणून आपण उद्धट, हेही मला पटत नाही. (हे बहुधा अमेरिकेहून सुट्टीवर आलेले भाचे म्हणतात.) 'कृपया' स्टेशनवरच्या घोषणेत ठीक आहे. जेवताना कुणी "कृपया मीठ द्या" म्हणालं तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील! आपला आदर क्रियापदात असतो. थांब-थांबा, ठेव-ठेवा, उघड-उघडा. फरक किती? एक काना. "जरा सरकता का?" यात प्लीज आलंच की.

तरीही तो एक काना आपण खर्च करत नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं वय पासष्टच्या पुढे. त्यांना "ए, गेट उघड" म्हणणारा मुलगा नववीत आहे. शेजारच्या सीटवर त्याचे बाबा होते, ज्यांनी मागच्या सभेत 'नव्या पिढीचे संस्कार' या विषयावर आमची वीस मिनिटं घेतली. ते मोबाईलमध्ये बघत होते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अहो, आमच्याकडे अरेतुरे ही आपुलकी असते." असते ना! आईला आपण 'तू' म्हणतो, देवालाही म्हणतो. नागपुरात दोन मित्रांमधल्या 'बे'ला कुणी शिवी समजत नाही. पण तिथे ते दोन्हीकडून चालतं. ज्याला तुम्ही आपुलकीने 'अरे' म्हणता, तो तुम्हाला 'अरे' म्हणाला तर चालेल का, एवढंच मला सांगा. चालणार नसेल तर आपुलकीचं नाव काढू नका.

कुणाला हे फार बारीक वाटेल. बारीक नाही हो. अठराव्या शतकात सोनारांनी 'नमस्कार' म्हणावं की नाही यावर रण माजलं होतं. पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने १७७९ साली त्यांना नमस्कार म्हणायला चक्क बंदी घातली. एका शब्दासाठी दोन सरकारं कामाला लागली! महारांनी गावात 'जोहार' म्हणायचं ही रीत होती. ती टाकून पुढे 'जय भीम' आलं, ते काय नुसता शब्द बदलायची हौस म्हणून? कोण कुणाला काय म्हणतो यावरून कोण कुठे उभा आहे हे ठरतं. ज्यांना खाली उभं केलं होतं त्यांना हे कायम कळत होतं. कळलं नाही ते वर उभ्या असलेल्यांना.

स्पष्टवक्तेपणाचं कौतुकही आता पुरे. "आमचं तोंड फटकळ, पण मन साफ" म्हणणारे लोक बॉससमोर फटकळ झालेले मी तरी पाहिले नाहीत. तिथे त्यांना सगळे काने, मात्रा, अनुस्वार बरोबर आठवतात.

आणि नुसत्या गोड शब्दांनीही भागत नाही. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बायकांना सगळे 'मावशी' म्हणतात. ऐकायला छान वाटतं. त्याच मावशींसाठी लिफ्टजवळ पाटी आहे : 'कामवाल्यांनी जिन्याचा वापर करावा'. सहाव्या मजल्यावर आपल्या पोळ्या लाटायला जो हात चालतो, तो लिफ्टचं बटण दाबायला चालत नाही. सख्ख्या मावशीला सहा मजले चढायला लावलं असतं का, असं मी एकदा विचारलं. "तुम्ही उगाच इमोशनल होता" असं उत्तर मिळालं.

पाटी काढण्याचा विषय मी पुढच्या सभेसाठी लेखी दिला आहे. सेक्रेटरी म्हणाले, आधी पार्किंग, मग रंगकाम, वेळ उरला तर बघू.